कलमाच्या आळ्यात प्लास्टिक घालू नका

गुहागरच्या काकीचा फोन आला, "कलमांची पानं करपायला लागलीत, जरा येऊन बघ." गेलो तर सातही आळ्यांतला पातेरा (वाळका पालापाचोळा) उपसलेला आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवलेलं. कारण मोबाईलवर आलेला मेसेज : "उन्हात माती जितकी तापेल तितकी निर्जंतुक. पातेऱ्याने वाळवी लागते, काढून टाका. प्लास्टिक घाला. आपले पूर्वज दाढ (भाताच्या रोपांचा वाफा) भाजायचे ते याचसाठी. कोकणात थंडी नसतेच, त्यामुळे माती थंड असण्याची काळजी नको." मला हा तीन ग्रुपांवर आलाय. आता पुरे.

दुपारी दोनला प्लास्टिक उचलून तीन इंचांवर थर्मामीटर खोचला. ४८ अंश! शेजारी चिकूखाली, पातेऱ्याच्या आत, ३१. माती उकरली तर तंतुमुळं तपकिरी पडलेली, चिमटीत धरली की साल सुटून येत होती.

प्लास्टिकखाली माती तापवून बुरशी मारता येते, हे खरं आहे. इस्राएलच्या जाकोव्ह कातान यांनी सहकाऱ्यांसोबत १९७६ साली तसं दाखवून दिलं. पण ते लागवडीआधी, मोकळ्या, ओलवलेल्या जमिनीत. बुरशीला मारणारी उष्णता कोवळ्या मुळांना सोडेल कशी? दोन वर्षांच्या कलमाची पाणी ओढणारी बरीचशी मुळं वरच्या फूटभर मातीत असतात आणि दिवसाचा ताव तिथेच उतरतो. दाढ भाजतात तीही पेरणीआधीच, वरच्या थरातलं तणाचं बी मरावं म्हणून. उभ्या कलमाखाली कुणी भाजावळ केलेली ऐकलीय?

वाळवी पातेऱ्यात येते, मान्य. मग खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. त्यासाठी सगळी सावली कशाला उपसायची?

थंडीचं म्हणाल तर दापोलीकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ वर येतो. माती १६ अंशांच्या खाली गेली की कलिंगडाचं बी उगवायचं नाव घेत नाही, ३०-३५ ला भराभर वर येतं. पालकाचं नेमकं उलटं, तिशीच्या वर त्याची उगवण बसते. एप्रिलात पालक का उगवला नाही, असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच.

काकीचं प्लास्टिक त्याच संध्याकाळी काढलं, आळी भिजवली, पातेरा परत पसरला. पाच कलमांचे शेंडे हिरवे आहेत. विहिरीकडच्या दोघांची साल नखाने खरवडून पाहिली, आत हिरवं दिसलं नाही.