‘सडेतोड’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: वॉर्डात मी उभी होते

नमस्कार ‘सडेतोड’,

आरोग्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. त्याच रात्री उत्तर लिहायला बसले होते, पण लिहिलं ते सगळं खोडलं. आता दोन दिवस गेलेत. सूर पुरता निवळलाय असं नाही, तेवढं सांभाळून घ्या.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात देते. वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी अशा चार शाखांच्या मुलांना एका खोलीत बसवून केस चर्चेला देणं म्हणजे वेळापत्रकाची वाट लावून मारलेल्या गप्पा. त्यातून रुग्णाचं भलं होतं याला पुरावा नाही. गुण नसलेल्या तासाला कुणी फिरकत नाही. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं: ‘मॅडम, तुम्ही वॉर्डात कधी उभ्या राहिला असतात तर असल्या कल्पना सुचल्या नसत्या.’

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेचा आंतरव्यावसायिक शिक्षणाचा, म्हणजे वेगवेगळ्या शाखांना असं एकत्र शिकवण्याचा, आराखडा २०१० चा आहे. मी १९८८ लिहिलं होतं. त्या साली संघटनेच्या अभ्यासगटाचा अहवाल निघाला होता, तो वेगळा. गल्लत माझी. दुरुस्त केली आहे, आभार.

आता ते ‘मॅडम’.

पहिल्या तिन्ही मुद्द्यांना तुम्ही ‘असे वाटते’ची शेपटी लावली आहे, चौथ्याला नाही. म्हणजे ज्या विषयावर वाद होऊ शकतो तिथे तुम्ही जपून बोलता आणि जिला आयुष्यात कधी पाहिलं नाही तिच्या नोकरीबद्दल मात्र खात्रीने. टोपणनाव सडेतोड घेतलं म्हणून प्रत्येक वाक्य सडेतोड होत नाही, काही नुसतीच तोडणारी असतात.

मी मूळची फार्मसीची. शिकवायला लागण्याआधी नऊ वर्षं रुग्णालयात होते, त्यातली चार मेंदूविकारांच्या वॉर्डात. उभी म्हणाल तर अक्षरशः उभी, कारण त्या वॉर्डात फार्मासिस्टसाठी खुर्चीच नव्हती. आणि ही ‘कल्पना’ मला सुचली ती तिथेच, एका सकाळी. लेखात ती गोष्ट मुद्दाम लिहिली नव्हती, कारण तीत माझी बाजू फारशी शोभून दिसत नाही. पण तुम्ही विषय काढलाच आहे.

पक्षाघाताचा रुग्ण. गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून नळी घातलेली. रक्तदाबासाठी निफेडिपिन लिहून दिलेलं, दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी, नावापुढे ‘एसआर’ असलेली. डॉक्टरांनी औषध बरोबर लिहिलं, डोस बरोबर लिहिला. मी तपासून गोळ्या पाठवल्या. अख्खी गोळी नळीतून जाणार कशी, म्हणून सिस्टरनी ती खलात बारीक कुटली, पाण्यात कालवली, सिरिंजने दिली आणि नळी तुंबू नये म्हणून वरून पाणी सोडलं. त्यांना शिकवलं होतं तसं, अगदी नीट. थोड्या वेळाने फिजिओथेरपिस्ट आली आणि तिने त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं. ते पांढरेफटक पडले आणि तिच्या खांद्यावर कलंडले. रक्तदाबाचा वरचा आकडा ८० च्या खाली. दिवसभर पुरवायचं औषध एका दमात रक्तात उतरलं होतं.

ते वाचले. त्या संध्याकाळी काउंटरपाशी आम्ही चौघं केस पेपर उघडून उभे होतो आणि चौघांच्याही नोंदी बिनचूक होत्या! नळीची नोंदसुद्धा होती, पण नर्सिंगच्या पानावर. ते पान त्या वॉर्डात मी तोवर एकदाही उलटलं नव्हतं. ते माझ्यासाठीही असतं असं शिकताना मला कुणी सांगितलं नव्हतं.

हीच केस मी वर्गात देते. फार्मसीची मुलं ‘एसआर’ पाहून लगेच सांगतात, ही कुटायची नाही. पण रुग्णाला नळी आहे का, हे ती विचारत नाहीत. नर्सिंगच्या मुलींना नळीची खडानखडा माहिती असते, त्या दोन अक्षरांकडे लक्ष जात नाही. वैद्यकची मुलं औषध बदलून मोकळी होतात. मग फिजिओथेरपीचं कुणीतरी हळूच विचारतं, ‘बसवायच्या आधी बीपी कुणी मोजायचं होतं?’ आणि खोलीत जी शांतता होते ती तुम्ही ऐकलेली नाही. तिला गप्पा म्हणू नका. त्या आराखड्यात म्हटलंय की एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. चार शाखा एका सभागृहात कोंबून व्याख्यान दिलं तर यातलं काहीच होत नाही. हे लेखात होतं, तुम्ही तो परिच्छेद बहुधा गाळलात. स्वीडनमध्ये लिंशोपिंगला १९८६ पासून असं शिकवतात आणि १९९६ पासून तिथे देखरेखीखाली विद्यार्थीच मिळून वॉर्ड चालवू लागले. वॉर्ड, बरं का.

पुराव्याचं म्हणाल, तर वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात १५ अभ्यास आहेत. सातांत फायदा दिसला, चारांत संमिश्र निकाल, चारांत काहीच फरक नाही. अभ्यास एकमेकांपासून इतके वेगळे की त्यांवरून सरसकट काही म्हणता येत नाही, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. पण ‘पुरावा नाही’ आणि ‘पुरावा अपुरा आहे’ यांतला फरक तुमच्यासारख्याला मी समजावून सांगायला नको. यावर पुन्हा कधीतरी.

राहता राहिलं वेळापत्रक आणि गुण. चार विभागांची वेळापत्रकं समोर घेऊन मोकळा तास शोधत बसणारी मीच असते, तेव्हा ते किती अवघड आहे हे निदान मला सांगू नका. पहिल्या वर्षी शनिवारची दुपार मिळाली आणि अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या राहिल्या. पण ते शनिवारमुळे, गुणांमुळे नव्हे. गुणांचा मुद्दा प्रत्येक नव्या विषयावर निघतो, त्यात नवीन काही नाही.

तुम्ही कुठल्या शाखेचे ते प्रतिक्रियेत लिहिलेलं नाही. मीही अंदाज करत नाही, कारण अंदाज केला की काय होतं ते आपण वर पाहिलंच. प्रतिक्रिया मी काढलेली नाही. आहे तशीच ठेवली आहे, शुद्धलेखनासकट.