सगळ्या कळपाला एकाच दिवशी जंताचे औषध का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

शेळ्यांमधील जंतांवरच्या माझ्या लेखाला आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. यवतमाळ जिल्ह्यात पशुसखींसोबत (गावातल्या जनावरांची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित महिलांसोबत) प्रत्यक्ष गोठ्यांत काम करणाऱ्या व्यक्तीने इतके स्पष्ट लिहावे, याचे मोल मला वाटते. म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहे. कळपातील प्रत्येक जनावराला ठरावीक महिन्यांनी तेच औषध पाजण्याऐवजी गरज असलेल्या शेळीलाच औषध द्यावे, असे मी लेखात म्हटले होते. यावर आपण लिहिता की हे संशोधन दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या हजारो मेंढ्यांच्या कळपांवर झाले आहे. पाच-सात शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला ते लागू करणे म्हणजे तिच्या जोखमीवर आपला प्रयोग करणे होय. शेळीच्या पोटात जाणूनबुजून जंत जिवंत ठेवा, असे तिला कोणत्या तोंडाने सांगायचे, असाही आपला प्रश्न आहे. शिवाय पावसाळ्यापूर्वीच्या शिबिरात औषध फुकट मिळत असताना लेंडी तपासायला प्रयोगशाळा कुठे शोधायची, हेही आपण विचारले आहे.

आपल्या आक्षेपातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. परदेशातील मोठ्या कळपांसाठी ठरवलेली वेळापत्रके जशीच्या तशी आपल्याकडे आणता येत नाहीत. परंतु वेळापत्रक वेगळे आणि जंताचा स्वभाव वेगळा. शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हिमोंकस हा गोल जंत आपल्या यवतमाळमधल्या दारव्ह्यातही तसाच वागतो, जसा आफ्रिकेत वागतो. एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली रक्त घेतो. म्हणजे हजार जंत असलेली शेळी रोज 50 मिली रक्त गमावते, आणि 25 किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्त पावणेदोन लिटरच्या आसपास असते. या जंताची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंडीवाटे बाहेर पडतात, ओलावा आणि ऊब मिळाली की आठवडाभरात त्यांतून रोग लावू शकणारी अळी तयार होते, ती ओल्या गवतावर चढते आणि चरणाऱ्या शेळीच्या पोटात जाते. तिथून पुढे सुमारे तीन आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू होतात.

आता आपल्या मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण विदर्भाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे. पावसाळ्यापूर्वी सगळ्यांना औषध पाजले की पहिल्या पावसात कुरणावर अंडी कमी पडतील, हा तर्क चुकीचा नाही. पण मे महिन्यात आपल्याकडे जंत असतात तरी कुठे, हे पाहिले पाहिजे. पारा 44-45 अंशांवर गेलेला असतो, ई-क्लास म्हणजे गावच्या सरकारी चराऊ जमिनीवर हिरवी काडी नसते, आणि उघड्यावर पडलेली अंडी आणि अळ्या त्या कोरड्या उन्हात फार काळ तग धरत नाहीत. नाल्याकाठची किंवा हापशाजवळची थोडी ओली जागा सोडली तर त्या दिवसांत गावातले जवळजवळ सगळे जंत शेळ्यांच्या पोटातच असतात. त्यांतले काही तर वाढ थांबवून चौथ्या पोटाच्या अस्तरात दबून बसलेले असतात. अशा वेळी सगळ्या कळपाला एकाच दिवशी औषध पाजले, तर त्या औषधाला दाद न देणारे जे थोडे जंत असतील तेवढेच वाचतात, आणि पहिला पाऊस पडला की कुरणावर पडणारी अंडी केवळ त्यांचीच असतात. बाहेर त्यांच्यात मिसळायला दुसरे जंत उरलेलेच नसतात. श्रावणात हेच केले असते तर कुरणावरच्या लाखो साध्या अळ्यांमध्ये ते थोडे हरवून गेले असते. पशुपालकाला सर्वांत सोयीची वाटणारी वेळ ही अशा प्रकारे औषध निकामी करण्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची वेळ ठरते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की उन्हाळी शिबिरात अशक्त शेळ्या, करडे आणि गाभण शेळ्या यांचा विचार आधी व्हावा, आणि धडधाकट, अंगाने भरलेल्या दोन-तीन प्रौढ शेळ्या मुद्दाम सोडाव्यात. गाभण शेळीच्या बाबतीत औषध कोणते द्यायचे हे डॉक्टरांनाच विचारावे, कारण गर्भधारणेच्या सुरुवातीच्या काळात अल्बेंडाझोल हे नेहमीचे जंतनाशक देणे टाळतात.

हे पटवायला कोणत्या तोंडाने जायचे, असे आपण विचारता. यवतमाळच्या माणसाला हे परके वाटू नये. बीटी कपाशीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या कपाशीचे बियाणे मिळत असे. ते शेताच्या कडेने लावायचे, म्हणजे त्यावर साध्या बोंडअळ्या जगतात आणि बीटी कपाशीतल्या विषाला दाद न देणाऱ्या अळीला जोडीदार म्हणून साधीच अळी मिळते, अशी त्यामागची कल्पना होती. बहुतेकांनी ते बियाणे लावलेच नाही. 2017च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने जे केले ते आपल्या जिल्ह्याने सोसले आहे. त्याची कारणे अनेक होती, पण कडेची ओळ न लावणे हे त्यांपैकी एक होते. सोडून दिलेल्या दोन शेळ्या म्हणजे कळपातली ती कडेची ओळ आहे. ज्या बाईने कापूस पिकवला आहे तिला हे समजावून सांगता येते, असा माझा अनुभव आहे.

जंत औषधाला दाद देईनासे होणे ही दूरची भीती नाही. थायाबेंडाझोल हे जंतनाशक 1961 साली बाजारात आले आणि 1964 सालीच त्याला न जुमानणाऱ्या हिमोंकसची नोंद झाली. आयव्हरमेक्टिनसारखे औषध, ज्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना 2015 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही जनावरांसाठी उपलब्ध झाल्यावर दहा वर्षांच्या आत काही ठिकाणी मेंढ्यांमध्ये अपुरे पडू लागले. अल्बेंडाझोलच्या गटापुरते तर कारणही नेमके सापडले आहे: जंताच्या पेशीतील एका प्रथिनात एका ठिकाणी एक अमिनो आम्ल बदलले की औषध तिथे चिकटत नाही. भारतातील नोंदी 1970च्या दशकापासून आहेत. त्यांत असे दिसते की हा प्रश्न प्रामुख्याने संघटित प्रक्षेत्रांवर (मोठ्या शेळी-मेंढी फार्मवर), जिथे वर्षानुवर्षे सगळ्या जनावरांना नियमित औषध दिले जाते, तिथे अधिक आहे. गावातल्या लहान कळपांत तो तुलनेने कमी आहे.

ताई, आपण कदाचित या शेवटच्या वाक्याचा आधार घेऊन म्हणाल की मग गावात काळजी कशाला? मला तर नेमके याच कारणाने गावाची काळजी वाटते. ज्या बाईकडे औषधाला बळी पडणारे जंत असलेल्या शेळ्या आहेत, तिच्याकडे स्वस्त औषध अजून चालते. मोठ्या प्रक्षेत्रावर एक औषध निकामी झाले तर दुसरे महागडे आणता येते. तिला ते परवडणार नाही. सुधारित पैदाशीसाठी बाहेरून आणलेला बोकड आपल्या पोटातून औषधाने न मरणारे जंत गावात आणू शकतो. त्यामुळे असा बोकड आल्यावर त्याला दोन आठवडे वेगळा बांधणे आणि औषध दिल्यावर त्याची लेंडी तपासून मगच कळपात सोडणे, याबाबत मी कोणतीही सवलत देणार नाही.

प्रयोगशाळेवाचून कसे ठरवायचे, या प्रश्नाचे उत्तर दक्षिण आफ्रिकेतच 1990च्या दशकात सापडले, आणि ते गरीब पशुपालकाच्याच कामाचे आहे. शेळीच्या खालच्या पापणीची आतली बाजू उजेडात पाहायची आणि तिचा रंग पाच छटांच्या तक्त्याशी ताडून पाहायचा: लालभडक ते पांढरीफटक. तिथले पशुवैद्यक फाफा मलान यांच्या नावावरून ही पद्धत फामाचा म्हणून ओळखली जाते. चौथी किंवा पाचवी छटा दिसली तर औषध लगेच द्यायचे. आपल्या कुपोषित शेळ्यांत तिसऱ्या छटेलाही द्यावे, असे माझे मत आहे. जुलै ते ऑक्टोबर दर दोन आठवड्यांनी हे पाहिले पाहिजे, कारण हिमोंकसमध्ये हगवण लागेलच असे नसते आणि जबड्याखाली पाणी उतरेपर्यंत थांबले तर उशीर झालेला असतो. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांत साठलेले असतात, त्यामुळे ती थोडी जनावरे वेळेवर हेरली की कुणाचीही शेळी पणाला लागत नाही. आपल्या पशुसखींना हे शिकवायला फार वेळ लागणार नाही. मात्र गोचिडीने, उपासमारीने किंवा यकृतातल्या चपट्या कृमीनेही पापणी पांढरी पडते, हे त्यांना सांगितलेच पाहिजे.

चपट्या कृमीचा उल्लेख आला म्हणून सांगतो की माझा सल्ला सर्व परोपजीवींना सरसकट लावू नये. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या म्हणजे लहान तळी यांच्या काठी गोगलगायी असतात, आणि यकृतकृमीचा प्रसार त्यांच्यामार्फत होतो. तिथे पापणी पाहून भागत नाही आणि अल्बेंडाझोलच्या नेहमीच्या मात्रेवर विसंबताही येत नाही. म्हशीच्या रेडकांचे तर उलटेच आहे. त्यांच्यातला मोठा गोल जंत आईच्या दुधातून पोटात येतो, त्यामुळे प्रत्येक रेडकाला, ते कितीही टुणटुणीत दिसो, जन्मानंतर दहा ते सोळा दिवसांच्या दरम्यान औषध मिळालेच पाहिजे. इथे निवड करत बसू नये.

औषध 'बदलून' पाजण्याबद्दल आपण लिहिले आहे, त्यात एक दक्षता हवी. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल ही एकाच गटाची औषधे आहेत. बाटली बदलली तरी जंताच्या दृष्टीने औषध तेच राहते. शेळीचे शरीर हे औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, म्हणून मेंढीसाठी लिहिलेली मात्रा तिला अपुरी पडते. त्यातच वजन अंदाजाने कमी धरले की अर्धवट मात्रा जाते. शिबिरात सगळ्यांना एकसारखे पाजताना हेच सर्वाधिक घडते, असे मला वाटते. पळसाच्या बियांत जंतनाशक गुण आहे आणि बाभळीच्या शेंगांतील टॅनिन या तुरट द्रव्याचाही थोडा उपयोग होतो, पण पांढरी पापणी असलेल्या शेळीला केवळ त्यांवर ठेवू नये.

राहिला लेंडी तपासण्याचा प्रश्न. प्रत्येक शेळीची, प्रत्येक वेळी तपासणी कुणीच सुचवत नाही. वर्षातून एकदा, पावसाळ्यात, गावातल्या दहा-पंधरा शेळ्यांची लेंडी औषध देण्याच्या दिवशी आणि पुन्हा चौदा दिवसांनी तपासली, तरी त्या गावात ते औषध चालते की नाही हे कळते. अंडी 95 टक्क्यांपेक्षा कमी घटली तर शंका घ्यायची. नमुना जमिनीवरून न उचलता थेट गुदद्वारातून घ्यावा, पिशवीतली हवा काढून ती बांधावी, शेळीची ओळख वर लिहावी आणि बर्फाच्या डब्यात ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवावी, कारण ऊब मिळाली तर अंडी वाटेतच फुटतात आणि मोजणी खोटी ठरते. जिल्ह्याच्या पशुरोग निदान प्रयोगशाळेत किंवा नागपूर, अकोला येथील पशुवैद्यकीय संस्थांच्या परोपजीवीशास्त्र विभागांत ही मोजणी करता येते. आपल्या गटातली दोन गावे या श्रावणात यासाठी तयार असतील, तर पहिल्या दिवशी नमुने घ्यायला मी स्वतः येईन.