‘जुना अ‍ॅडमिन’ यांना उत्तर : नळ, तोट्या आणि ६३

नमस्कार. एसआर-आयओव्हीवरच्या (एकच नेटवर्क कार्ड अनेक व्हर्च्युअल मशीनना, म्हणजे व्हीएमना, थेट वाटून द्यायचं तंत्र) माझ्या लेखाखाली ‘जुना अ‍ॅडमिन’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. त्यांचे आक्षेप असे : इंटेलच्या ८२५९९ कार्डावर दर पोर्टला ६४ व्हीएफ (व्हर्च्युअल फंक्शन, म्हणजे कार्डाचे व्हीएमला देता येणारे वाटे) मिळतात हे चूक, व्हीएफ दिलेल्या व्हीएमचं लाइव्ह मायग्रेशन (चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवणं) अडतं हे मी सांगितलं नाही, अशा व्हीएमची पॅकेटं होस्टच्या (ज्या सर्व्हरवर व्हीएम चालतात त्याच्या) फायरवॉलला दिसत नाहीत हेही नाही. आणि शेवटी हे : “वाड्यातल्या नळाची उपमा वाचून लेखकाने कार्डाला कधी हात लावला असेल असं वाटत नाही.”

६४ चं मान्य. चिपमध्ये तेवढी सोय आहे, पण लिनक्सचा ड्रायव्हर एक वाटा होस्टसाठी राखतो, म्हणून हाती ६३ येतात. चूक माझीच.

आता नळ. उपमा पोरकट असेल, पण ती चुकते कुठे हे सांगायचे कष्ट तुम्ही घेतलेले नाहीत. सॉफ्टवेअर ब्रिज (होस्टमधला सॉफ्टवेअरचा स्विच) म्हणजे चौकातला एकच नळ. प्रत्येक बिऱ्हाडाची घागर होस्टच्या सीपीयूने भरून द्यायची. एसआर-आयओव्हीत ज्याची त्याची तोटी : प्रत्येक व्हीएफ पीसीआयच्या (कार्ड ज्यातून जोडतात त्या बसच्या) लेखी वेगळं उपकरण, रांगा वेगळ्या. मेमरीचे पत्ते बदलून द्यायला आयओएमएमयू हे हार्डवेअर आहेच, त्यामुळे कार्ड पॅकेट थेट त्या व्हीएमच्या मेमरीत टाकतं. टाकी मात्र सगळ्यांची एकच, १० गिगाबिटची. हे ज्याला कळलं त्याला विषय कळला. तुम्हाला ते आधीच कळलं होतं, तर लेख तुमच्यासाठी नव्हता, इतकंच.

आणि हात लावण्याचं म्हणाल, तर २०१३ मध्ये हिंजवडीत एका कंपनीच्या सर्व्हर रूममध्ये मी स्वेटर घालून अख्खी रात्र काढली आहे. दोन व्हीएमवर कीपअलाइव्हडी (एक पडली की दुसरीने काम उचलायचं, असा प्रोग्रॅम), व्हर्च्युअल मॅकसकट, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या हार्डवेअर पत्त्याऐवजी दोघींचा एक सामायिक पत्ता. व्हीएममध्ये टीसीपीडंप (पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम) लावला की पॅकेट बाहेर पडताना दिसे, स्विचवर मात्र शुकशुकाट. केबल बदलल्या, पोर्ट बदलले, स्विचवाल्याशी भांडलो (त्याचा काही दोष नव्हता). पहाटे कुणाला तरी होस्टचा डीमेसेज (कर्नलच्या नोंदी) पाहायची बुद्धी झाली, तर तिथे रात्रभर ‘स्पूफ्ड पॅकेट्स डिटेक्टेड’च्या ओळी पडत होत्या. व्हीएफला नेमून दिलेल्या मॅकखेरीज दुसऱ्या मॅकने पॅकेट निघालं की कार्डच ते गिळून टाकत होतं. होस्टवरून त्या व्हीएफची ही तपासणी, म्हणजे स्पूफचेक, बंद केली आणि वाहतूक सुरू झाली. हे अनुभव कुठल्या पुस्तकात मिळत नाहीत, साहेब.

होस्टला पॅकेट दिसत नाही म्हणूनच तर इतका वेळ लागला, असं तुम्ही आता म्हणाल. म्हणा. फायरवॉल हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता.

लाइव्ह मायग्रेशनचं म्हणाल, तर २०१८ पासून लिनक्समध्ये नेट-फेलओव्हर ड्रायव्हर आहे : व्हीएफ काढून घ्यायचा, तेवढ्यापुरतं व्हर्टआयओवर (सॉफ्टवेअरच्या नेटवर्क कार्डावर) चालवायचं, पलीकडे नवा व्हीएफ जोडायचा. आमच्याकडे २०१३ मध्ये मशीन रात्री बंद करून हलवत असू आणि कुणाची तक्रार नव्हती.

६३ ची दुरुस्ती मूळ लेखात केली आहे. सोबत तुमचं नाव देणार होतो, पण ते तुम्ही कुठे लिहिलेलंच नाही.