पाळण्याची दोरी

काल भैय्या चौकात चहाला बसलो होतो. समोर डॉ. कोटणीसांचं स्मारक. आपल्या सोलापूरचा माणूस १९३८ मध्ये चीनला जखमींची सेवा करायला गेला आणि १९४२ मध्ये तिकडेच वारला. त्यावरून गाडी युद्धावर घसरली.

मास्तर म्हणाले, "लढाईत लेकराबाळांचं भलंही होतं. इंग्लंडात १९४० पासून पाच वर्षांखालच्या पोरांना आणि गरोदर बायकांना स्वस्तात दूध दिलं, गरिबाला फुकट. वर कॉडलिव्हर ऑईल, संत्र्याचा रस, घटसर्पाची लस. बालमृत्यू १९३९ ला हजारी ५१ होते, १९४५ ला ४६ वर आले."

"मधलं १९४१ का गाळताय?" मी म्हटलं. "त्या साली ६० वर गेले होते की!"

मास्तर चहात फुंकर घालत बसले. आकडा अडचणीचा असला की त्यांचा चहा फार गरम असतो.

शिवा म्हणाला, "अबे, पाळणाघरांचं बोला. सरकारनं जवळपास दीड हजार काढली. का? बाप्ये लढाईवर, बाया कारखान्यात, मग पोरं कोण बघणार? लढाई संपली, सरकारनं अनुदान आखडलं, पाळणाघरं बंद पडत गेली. माया-बिया काही नाही, काम अडलं होतं."

"काम तर आपल्याकडंबी अडतंय की," अण्णा इतक्या वेळानं बोलला. अण्णाचं घर पूर्व भागात, आईनं जन्मभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू नि कापलेली पानं, आणि धाकट्याच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हात विडीवर, पाय पाळण्यावर. पोरगं खोकलं की पाय जोरात हलायचा, हात थांबायचे नाहीत. हजार भरल्याशिवाय कारखान्यात जायचं कसं?

मास्तर म्हणाले, "१९६६ च्या विडी कायद्यात पाळणाघराचं कलम होतं की."

"होतं ना! कारखान्याच्या आवारापुरतं. आई घरात बसायची."

मला शिवाचंच पटतं. इंग्लंडातल्या बाईला घराबाहेर काढायचं होतं, म्हणून तिच्या पोराची सोय झाली. आमची बाई घरात बसूनच माल देते, मग कोण कशाला खर्च करील?

मास्तर अंगणवाडीवर आले. अण्णानं विचारलं, "ती दुपारी बंद झाल्यावर?"

मास्तरांनी आणखी एक कट मागवला.