चित्ररथावर किती चुली पेटतात, तेही मोजा

तुमच्या अंकातल्या लेखात मोठी नाट्यगृहं आणि महोत्सव यांच्याभोवती वाढणाऱ्या व्यवसायांचा हिशेब छान मांडलाय. पण आमच्या बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीला गल्लोगल्लीचे जे चित्ररथ निघतात, तेही याच हिशेबात धरायला हवेत.

माझे वडील शिंपी. महिनाभर आधी घरात मावळ्यांचे अंगरखे, जिरेटोप, जरीच्या काठाचे ढीग पडतात. आई रात्री दोन-दोनपर्यंत बटणं लावते. एका चित्ररथामागे ट्रॉलीवाला, सुतार, रंगारी, मेकअपवाला, लाईटवाला, जनरेटरवाला, सगळ्यांच्या हाताला काम मिळतं. मिरवणूक पहाटेपर्यंत चालते, तेवढा वेळ चहाच्या टपऱ्याही चालतात.

दुखणं एकच आहे, उधारी. एका मंडळाने आमचे पैसे दिवाळीपर्यंत अडकवले होते आणि जरीवाला तर रोख मागतो! कामाच्या आधी निम्मी रक्कम द्यायची, एवढा एक नियम सगळ्या मंडळांनी मिळून केला, तरी आमच्यासारख्यांना सावकाराकडे जावं लागणार नाही.

आणि खानापूरची मातीची भांडी, गोकाकची लाकडी खेळणी, शहापूर-वडगावचे माग यांच्यावरही असंच सविस्तर लिहा. वडगावात अजून मागांची खडखड ऐकू येते, एकदा येऊन बघाच.