झुबिन मेहता यांचे मोठेपण केवळ नशिबाचे?

पाश्चात्त्य वाद्यवृंदांचे संचालक, म्हणजे कंडक्टर, झुबिन मेहता यांच्याविषयी एक मजकूर बराच फिरतो आहे. मोठमोठे संचालक ऐनवेळी येऊ न शकल्यामुळे या मुंबईकराचे नशीब उघडले, एरवी कंडक्टर काठी हलवण्यापलीकडे काही करत नाही, आणि भारताने कदर न केल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला, असे त्यात ठामपणे म्हटले आहे.

बदलीच्या संधी मिळाल्या, हे खरे आहे. १९६० मध्ये मॉन्ट्रियलला इगॉर मार्केविच यांच्या, १९६१ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रिट्झ रायनर यांच्या आणि त्याच वर्षी इस्राएलमध्ये यूजीन ऑर्मंडी यांच्या जागी ते उभे राहिले. मात्र त्याआधीची वर्षे या मजकुरातून गाळली आहेत. डॉक्टरकीच्या वाटेवरचे शिक्षण सोडून १९५४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते व्हिएन्नाला हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकायला गेले. तेथे ते डबल बास हे खर्जातले मोठे तंतुवाद्यही वाजवत. नामवंतांच्या तालमींना विद्यार्थ्यांना प्रवेश नसे, म्हणून सहाध्यायी क्लाउडिओ अबाडो यांच्यासह त्यांनी गायनवृंदातच नाव घातले आणि बास, म्हणजे खर्जातल्या, गायकांच्या रांगेत उभे राहून कारायान, ब्रूनो वॉल्टर या संचालकांचे काम जवळून पाहिले. १९५८ मध्ये त्यांनी लिव्हरपूलची संचालन स्पर्धा जिंकली. बदलीची एक संध्याकाळ योगायोगाने मिळू शकते. पण लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाशी १६ वर्षे, न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाशी १३ आणि इस्राएल फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाशी २०१९ पर्यंत टिकलेला संबंध योगायोगाच्या खात्यात कसा टाकणार?

काठी हलवण्याच्या आरोपाला बेथोव्हनची पाचवी सिंफनी ही वाद्यवृंदासाठीची रचनाच उत्तर देते. तिची सुरुवात स्वराने होत नाही, एका छोट्या विरामाने होते. त्यानंतर तंतुवाद्ये आणि क्लॅरिनेट हे फुंकवाद्य यांना तीन झटपट स्वर आणि एक लांब स्वर एकत्र वाजवायचा असतो. म्हणजे लय किती, जोर किती, हे सारे पहिला स्वर उमटण्याआधीच हाताच्या एका उचलीतून कळावे लागते. चौथ्या स्वरावर थांबण्याची खूण आहे, पण किती वेळ थांबायचे ते लिहिलेले नाही. तो निर्णय कोणीतरी एकाने घ्यायचा असतो, आणि त्यामागचा विचार तालमीतच वादकांपर्यंत पोचवायचा असतो. मॉस्कोच्या पेरसिम्फान्स या वादकसमूहाने १९२२ पासून दहा वर्षे कंडक्टरविना मोठा वाद्यवृंद चालवला, हे कबूल केले पाहिजे. पण त्यासाठी वादकांना एकमेकांकडे तोंड करून वर्तुळात बसावे लागे आणि तालमीही खूप जास्त घ्याव्या लागत. संचालकाचे काम तेथे नाहीसे झाले नव्हते, सर्वांत वाटले गेले होते.

उरला कदर न झाल्याचा मुद्दा. झुबिन यांचे वडील, व्हायोलिनवादक मेहली मेहता, यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात गोव्याहून आलेले वादकही होते. याच वाद्यवृंदाच्या तालमी ऐकत झुबिन वाढले. मुंबईत नव्हते ते संचालनाचे पद्धतशीर शिक्षण आणि पूर्ण वेळ पगारी वाद्यवृंद. त्या उणिवेला अवहेलना म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण १९६६ मध्ये, तिशीतच, त्यांना पद्मभूषण मिळाले आणि २००१ मध्ये पद्मविभूषण. त्यांनी स्वतःही भारतीय नागरिकत्व सोडले नाही, आणि वडिलांच्या नावाने १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेली संस्था येथील मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकवते.