खुलासा: एआरटीच्या गोळ्यांनी टीबी होत नाही

‘एचआयव्हीच्या गोळ्या सुरू केल्या की टीबी होतो, गाठ दिसली की गोळ्या लगेच थांबवा’ असा मेसेज सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे आणि कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो.

लोकांना दिसतं ते मात्र खोटं नाही. एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या, सुरू होऊन दोन-तीन आठवडे होतात, अन्न गोड लागायला लागतं आणि अचानक मानेतली गाठ सुजते, संध्याकाळी ताप चढतो. टीबीचे जंतू बहुतेकदा आधीपासूनच अंगात असतात. प्रतिकारशक्ती खचल्यामुळे शरीर त्यांच्याशी झगडत नसतं. गोळ्यांनी ती सावरते, झगडा सुरू होतो, म्हणून सूज येते. डॉक्टर याला आयरिस म्हणतात. अशा वेळी टीबीची तपासणी आणि उपचार करतात, गरज पडल्यास स्टिरॉइड देतात. एआरटी सहसा चालूच ठेवतात.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनला झालेल्या सॅपिट अभ्यासाचे निष्कर्ष २०१० साली आले. टीबीच्या उपचारांदरम्यानच एआरटी मिळालेल्यांत मृत्यूचं प्रमाण, उपचार संपल्यावरच एआरटी सुरू केलेल्यांपेक्षा ५६ टक्के कमी होतं.

एक खबरदारी खरोखर हवी. टीबीचं औषध रिफाम्पिसिन हे एआरटीतल्या डोलुटेग्राविर या औषधाचा असर कमी करतं, म्हणून डोलुटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावं लागतं. टीबीच्या डॉक्टरांना एआरटीचे कागद दाखवाच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. कुणी गोळ्या थांबवल्या असतील तर त्यांना आजच एआरटी केंद्रात जायला सांगा.